बिस्किटांचा पुडा आणि मालवणचा समुद्र

मालवणच्या बंदरातून आमची नाव सुटली तेव्हा माझ्या पिशवीत ग्लुकोज बिस्किटांचा एक पुडा होता. वर्ध्याहून निघताना फडताळातून तो मी आठवणीने उचलला होता आणि तो आमच्यापैकी कोणासाठी नव्हता; माशांसाठी होता. पवनारला धाम नदीच्या पात्रापाशी गेले की माशांना कणकेच्या गोळ्या घालायच्या, ही माझ्या सासूबाईंनी लावलेली सवय. पाण्याकाठी रिकाम्या हाताने जाऊ नये, असे त्यांचे म्हणणे असे. समुद्रावर कणीक कुठे मळत बसणार, म्हणून बिस्किटे.

नावेतल्या डायव्हर मुलाने पुडा पाहिला आणि हसून म्हणाला, “आजी, ह्यो पुडो हयसरच ठेवा. माशांक आपलो खाऊ नको. तेंचो खाऊ तेंका खाली आसा.” बोलणे अदबीचे होते, तरी मला ते लागले. जीवदयेच्या भावनेने आणलेली वस्तू कोणी परत पिशवीत ठेवायला सांगावी, हे माझ्या आयुष्यात प्रथमच घडत होते. त्यातून शेजारच्याच एका नावेवर निराळा प्रकार चालला होता. तिथे पावाचे तुकडे पाण्यात सोडले जात होते, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या माशांची झुंबड उडाली होती आणि त्या झुंबडीत एक तरुण जोडपे आनंदाने छायाचित्र काढून घेत होते. मग आम्हांलाच मनाई का, असे मनात आले. तो प्रश्न तसाच घेऊन मी पाण्यात उतरले. उत्तर मिळायला दोन दिवस लागले.

आपल्या वर्धा जिल्ह्यात नद्या आहेत, तलाव आहेत, बोरचे धरण आहे. समुद्र मात्र आपल्यासाठी भूगोलाच्या पुस्तकातला. एक रात्र मुंबईपर्यंत, दुसरी रात्र कोकण रेल्वेने कुडाळपर्यंत आणि तिथून तासाभराने मालवण, एवढा प्रवास झाल्यावर तो दिसतो. माझे माहेर आर्वीकडचे. मळ्यातल्या विहिरीत कमरेला वाळका भोपळा बांधून मी पोहायला शिकले, पण पाण्याखाली डोळे उघडण्याची तेव्हा सक्त मनाई होती. छप्पन्नाव्या वर्षी पाण्याखाली जाऊन श्वास घेण्याचे धाडस मी केले ते अकरा वर्षांच्या नातवाच्या हट्टापायी. “आजी येणार असेल तरच मी जाईन,” असे त्याने जाहीर करून टाकले होते. आमच्या डॉक्टरांनी रक्तदाब, कान आणि फुप्फुसे तपासून लेखी संमती दिली, तेव्हा माझी शेवटची सबब संपली.

मालवणचा किनारा या छंदासाठी प्रसिद्ध का झाला, हे नकाशा पाहिल्यास ध्यानात येते. शिवछत्रपतींनी १६६४ साली कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. किल्ल्याच्या भोवताली आणि शेजारच्या पद्मगडाकडे खडकांच्या रांगाच रांगा पाण्याखाली पसरलेल्या आहेत. शत्रूच्या गलबतांना जे खडक अडवीत, तेच आज पोवळ्यांचे, कालवांचे आणि असंख्य माशांचे घर आहेत. याच परिसरात १९८७ साली महाराष्ट्रातले पहिले सागरी अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. मासेमारीवर बंधने येतील या धास्तीने गावच्या मच्छीमारांनी त्याला आरंभापासून विरोध केला, आणि तो अकारण होता असे म्हणवत नाही. पिढ्यान् पिढ्या किनाऱ्यावरून रापण ओढणाऱ्या माणसाला कागदावरची रेघ कशी पटावी? पुढे सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांच्यासारख्यांनी स्थानिक तरुणांना पाण्याखालच्या पर्यटनाचे शिक्षण देण्यात पुढाकार घेतला. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने जवळच तारकर्लीला प्रशिक्षण संस्थाही उभारली. आमचा डायव्हर अशाच एका मच्छीमार घरातला. त्याचे आजोबा रापणीवर होते, वडील ट्रॉलरवर गेले आणि हा पर्यटकांचा हात धरून समुद्रतळ दाखवतो. घरातला हा पहिलाच, जो माशांना पाण्यातच ठेवून पोट भरतो, असे तो स्वतः म्हणाला.

शब्दाच्या काटेकोर अर्थाने किनाऱ्यावरची डुबकी म्हणजे वाळूवरून चालत पाण्यात शिरायचे आणि तसेच तळाशी उतरत जायचे. अंदमानात स्वराजद्वीपावर अशी सोय आहे. मालवणला किल्ल्यामागच्या खडकांपर्यंत थोडे अंतर नावेने जावे लागते, पण खोली उथळच, पाच-सात मीटरची. आपल्याकडच्या भरलेल्या विहिरीएवढी. पाठीवर जी टाकी बांधतात तिच्यात ऑक्सिजन असतो हा सार्वत्रिक गैरसमज आहे. तिच्यात आपण आत्ता घेतो आहोत तीच साधी हवा, फक्त प्रचंड दाबाने कोंबून भरलेली असते. ती माणसाला सोसेल एवढ्या दाबाने तोंडाशी आणून देणारे सुटसुटीत यंत्र १९४३ साली फ्रान्समध्ये झाक-ईव्ह कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी सिद्ध केले. आज पर्यटकाच्या तोंडात जे असते ते त्याचेच सुधारलेले रूप.

उतरण्यापूर्वी तासभर धडे झाले. पहिला नियम: श्वास कधीही रोखून धरायचा नाही. पाण्यात दर दहा मीटरला हवेच्या एका वातावरणाएवढा दाब वाढतो. वर येताना तो कमी झाला की छातीतली हवा प्रसरण पावते, आणि तोंड मिटलेले असेल तर फुप्फुसांना इजा होते. दुसरा नियम: कान दडपले की नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचे. तिसरा नियम खुणांचा, आणि तिथे माझी फजिती झाली. अंगठा वर केला तर पाण्याखाली त्याचा अर्थ “छान” असा नसून “मला वर न्या” असा होतो. डायव्हरने हाताने विचारले, “ठीक?” मी उत्साहाने अंगठा दाखवला आणि क्षणार्धात पुन्हा सूर्यप्रकाशात आले. नातू नावेच्या काठाला धरून पोट धरधरून हसत होता.

दुसऱ्या खेपेस मात्र उतरले, आणि पहिल्यांदा जे जाणवले ते दृश्य नव्हते, आवाज होता. तळलेल्या पापडाचा चुरा करावा तशी बारीक तडतड चारी दिशांनी ऐकू येत होती. ती खडकांच्या फटींत राहणाऱ्या बोटभर कोळंबीवर्गीय जिवांची. आपली एक नांगी ते इतक्या वेगाने मिटतात की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो, आणि त्याचा हा ध्वनी. पाण्यात आवाज हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने धावतो, त्यामुळे तो कुठून आला हे आपल्या कानांना उमगतच नाही. सगळा समुद्र एकदम बोलतो आहे असे वाटते.

मग नजर हातावर गेली. माझ्या अनामिकेत पोवळ्याची अंगठी असते. लग्नानंतर कोणा ज्योतिष्याच्या सांगण्यावरून घातलेली ती तशीच राहिली आहे. वर नावेत ती लालभडक होती. खाली तिचा रंग मातकट, जवळजवळ राखाडी झाला होता. क्षणभर मला वाटले की खडा बदलला. नंतर कळले की पाणी प्रकाशातला तांबडा रंग सर्वांत आधी शोषून घेते. काही मीटरांतच लाल वस्तू आपला रंग हरवून बसते. हाताजवळचे सारे थोडे मोठे आणि जवळ आल्यासारखेही दिसते, कारण मास्कच्या काचेशी प्रकाश वाकतो. म्हणून पाण्यातून परतलेला प्रत्येक जण पाहिलेल्या माशाची लांबी सांगतो तेव्हा त्यातून चतुर्थांश वजा करावा, असे आमच्या डायव्हरचे मत.

मालवणचे पाणी अंदमानसारखे आरशासारखे नाही. नद्यांचा गाळ येतो, भरती-ओहोटी तळ ढवळते. इथे पोवळ्यांची सलग भिंत नसून खडकाखडकावर वसलेल्या वस्त्या आहेत. काही गोलसर, मेंदूच्या वळ्यांसारख्या. काही पसरट, एकात एक ठेवलेल्या परातींसारख्या. त्यांच्या मध्ये सोनेरी-तपकिरी सरगॅसमचे शेवाळ लाटेबरोबर डोलत असते. एका कपारीत समुद्रफूल होते, म्हणजे फुलासारखा दिसणारा प्राणी. त्याच्या पाकळ्या म्हणजे दंश करणाऱ्या भुजा. हिरव्या-निळ्या अंगाचा एक पोपटमासा आपल्या चोचीसारख्या दातांनी खडकावरचे शेवाळ खरवडत होता. तो खरवडण्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. त्याच्याबरोबर पोटात गेलेल्या दगडाची पूड होऊन ती वाळू म्हणून बाहेर पडते. पिवळे फुलपाखरूमासे जोडीजोडीने फिरत होते. वाळूवर एक पाकट मासा स्वतःला निम्मे पुरून घेऊन पडला होता. त्याचे दोन डोळे तेवढे दिसत होते. डायव्हरने दाखवला नसता तर मी त्याला वाळूच समजले असते. मासा म्हणजे बाजारातल्या टोपलीतला, जिकडे पाहू नये म्हणून लहानपणी आम्ही मान वळवीत असू, एवढीच माझी आजवरची ओळख. जिवंत मासा इतका नीट मी पहिल्यांदाच पाहिला.

तेवढ्यात लाटेचा एक हेलकावा आला आणि तोल सावरण्यासाठी मी शेजारच्या खडकावर हात टेकायला गेले. डायव्हरने तो हात हवेतच धरला. हवेत कसला, पाण्यातच. त्याने मास्क खडकाजवळ न्यायला लावला. दोन विती अंतरावरून पाहिले तेव्हा त्या तपकिरी “दगडावर” शेकडो बारीक खळगे दिसले आणि प्रत्येक खळग्यात एक इवलेसे, मऊ, आखडून घेतलेले काहीतरी.

ते पोवळ्याचे प्राणी. प्रत्येक जण जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढा, तोंडाभोवती भुजांचे कडे असलेला. पाण्यातले चुन्याचे द्रव्य घेऊन तो आपल्याखाली घर बांधतो. तो मेला की त्याच्या घरावर पुढचा बांधतो. त्याच्या देहात सूक्ष्म शैवाल राहते, उन्हापासून अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. पोवळ्याला रंगही बव्हंशी त्याचाच. पाणी नेहमीपेक्षा फार तापले की हे सहजीवन मोडते, शैवाल बाहेर पडते आणि पोवळे पांढरेफटक होते. ते लवकर सावरले नाही तर उपासमारीने मरते. असे पांढरे पडणे मालवणातही नोंदले गेले आहे. गोलसर जातींची पोवळी वर्षाला सुमारे एक सेंटीमीटर वाढतात. म्हणजे मी ज्याच्यावर तळहात टेकणार होते, ती माझ्या नातवाच्या उंचीची वस्ती माझ्या आजेसासूबाईंच्याही आधी सुरू झालेली असणार. समुद्रतळाचा शंभरावा भागही अशा प्रवाळवस्त्यांनी व्यापलेला नाही, पण सागरी जीवजातींपैकी सुमारे एक चतुर्थांश जाती आयुष्यात केव्हा ना केव्हा त्यांच्या आश्रयाला असतात.

पाठशाळेत आम्ही ‘जीवविचार’ प्रकरण मुखोद्गत केले होते. त्यात विद्रुम, म्हणजे पोवळे, स्फटिक आणि रत्ने यांच्या जोडीने पृथ्वीकायात गणले आहे. शंख आणि कवड्या द्वींद्रियांत. प्राणिशास्त्र पोवळ्याला प्राण्यांत घालते. ही दोन वर्गीकरणे ओढूनताणून एकमेकांवर बसवण्याचा खटाटोप मी करणार नाही. तो माझा अधिकारही नाही. मला बोचले ते निराळेच. दोन्हीकडे ते सजीवच सांगितले आहे. लहानपणी घोकलेले ते शब्द मला अजून येतात, आणि तरीही बोटातल्या अंगठीकडे पाहताना मला त्यात दगडाखेरीज काही दिसले नव्हते. (दागिन्यातले लाल पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्राकडचे, मालवणच्या जातींहून वेगळे. पण तीही एके काळी अशीच कोणाची तरी वस्ती होती.)

आता तो पुडा. वर आल्यावर मी डायव्हरला विचारले, की दोन बिस्किटांनी समुद्राचे काय बिघडते? त्याने लगेच उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळी पाणी नितळ होते, तेव्हा पुन्हा उतरल्यावर त्याने मला एका खडकाशी नेले. त्या पट्टेरी माशांना सार्जंट मासे म्हणतात. इतर पाच-पन्नास मासे शेजारच्या नावेच्या पावाकडे झेपावले होते. एकच तिथे थांबला होता, नेहमीपेक्षा निळसर झालेला. खडकावर तळहाताएवढा जांभळट डाग होता आणि तो मासा त्यावरून मागेपुढे फिरत, परांनी वारा घातल्यासारखे करीत होता. ती अंडी होती. या जातीत मादी अंडी घालून निघून जाते आणि पिले बाहेर पडेपर्यंत काही दिवस नर राखण करतो. कोणी जवळ आले की अंगावर धावून जातो; माझ्याही मास्कवर त्याने एक धडक दिली. तो क्षणभर दूर झाला तर बाकीचे मासे तो जांभळा डाग बघता बघता फस्त करतात.

नावेत परतल्यावर डायव्हरने सांगितले, की रोज पाव मिळू लागल्यापासून राखणीवरचे नरही कधी कधी जागा सोडतात. त्याच्या डोळ्यांनी पाहिलेली ही गोष्ट आहे, मी तिला संशोधन म्हणत नाही. परंतु माशांना खाऊ घालण्याचे दुष्परिणाम जगभरच्या सागरी उद्यानांनी ओळखलेले आहेत. जे मासे धीट आणि आक्रमक ते वाढतात, बुजरे हटतात. शेवाळ खरवडणारे मासे ते काम सोडून नावेखाली गोळा झाले तर पोवळ्यांवर शेवाळ माजते. मैदा आणि साखर पचवायला त्यांचे पोट घडलेले नाही. आणि पावाच्या मोहाने जमलेल्या गर्दीत छायाचित्रासाठी धडपडणारा नवखा माणूस पाय कुठे टेकतो, हे त्याला दिसतच नाही.

या शेवटच्या गोष्टीबद्दल मात्र पक्का पुरावा आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी मालवण अभयारण्यात हौशी डुबक्यांमुळे पोवळ्यांची होणारी मोडतोड अभ्यासली आणि तो निबंध २०२० साली ‘मरीन पोल्यूशन बुलेटिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्याची जबाबदारी कोणीच घेत नाही अशा जागेची गत काय होते, असा त्या निबंधाचा रोख आहे. नवख्या पायांच्या लाथा, टेकलेले हात, खडकावर आदळणारे नांगर: कारणे कोणालाही समजतील अशी आहेत. २००१ पासून सर्व कठीण पोवळी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला आहेत. बोरच्या जंगलात आपण गाडीतून उतरत नाही, चितळापुढे बिस्किट टाकत नाही. टाकले तर वनरक्षक आपल्याला सुनावील आणि ते आपल्याला रास्तच वाटेल. तीच आपली माणसे मालवणला येऊन पहिल्या अनुसूचीतल्या जिवावर उभी राहतात, कारण तो जीव ओरडत नाही.

मच्छीमारांच्या मुलांना सगळा दोष देण्यास मी तयार नाही. मासे दिसले नाहीत तर पर्यटक पैसे परत मागतो, छायाचित्रात मासे हवेतच, असा आग्रह धरतो. पाव टाकणाऱ्याच्या मागे तो मागणारा उभा आहे, आणि तो बहुधा माझ्यासारखाच दूरच्या गावाहून पुडा घेऊन आलेला असतो.

पाण्यात उतरायचे नसेल त्यांनीही मालवणला ओहोटीच्या वेळी खडकाळ किनाऱ्यावर जरूर फिरावे. खळग्यांत अडकून राहिलेल्या पाण्यात अर्धा समुद्र पाहायला मिळतो: तारामासे, बारीक खेकडे, खडकाला घट्ट चिकटलेली कालवे, हात लावताच मिटणारी समुद्रफुले. तिथे नातवाला एक सुरेख शंख सापडला. भगवान नेमिनाथांचे लांछन शंख, त्यामुळे तो घरी नेण्यास माझीही मूक संमती होती. त्याने तो तळहातावर घेतला आणि शंख चालू लागला. आत एक खेकडा होता. या जातीच्या खेकड्याचे पोट मऊ आणि वळलेले असते, म्हणून तो मेलेल्या गोगलगायीच्या रिकाम्या शंखात बिऱ्हाड करतो. अंग वाढले की मोठ्या शंखात हलतो. इंग्रजीत त्याला ‘संन्यासी खेकडा’ अशा अर्थाचे नाव आहे. ज्याला घराचा एवढा सोस, त्याला संन्यासी म्हणणारा कोणी विनोदी माणूस असावा. आपण बाजारातून शंखांच्या माळा आणि पडदे आणतो, तेव्हा काही शंख जिवंत प्राण्यांसह काढलेले असतात. आणि जे खरेच रिकामे असतात तेही कोणाचे तरी पुढचे घर असते.

नातवाने विचारले, “आता याला कुठे ठेवू?” मला एकदम माझ्या आजीची विहीर आठवली. घागर भरून झाली की दुहेरी वस्त्रातून ती पाणी गाळी आणि मग ते गाळणे उलटे करून, धुऊन, त्याच विहिरीत सोडी. जिवाणी तिथल्या तिथे पोहोचली पाहिजे. या विहिरीची त्या विहिरीत नको, आणि वरून ओतायची नाही, बादलीने अलगद खाली न्यायची. लहानपणी तो मला वेळेचा अपव्यय वाटे. मी नातवाला म्हटले, “ज्या खळग्यातून उचललास, त्याच खळग्यात.” कोणता खळगा ते शोधायला आम्हांला पंधरा मिनिटे लागली.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. पावसाळ्यात हे सारे बंद असते. ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत हंगाम, त्यातही हिवाळ्यात पाणी अधिक नितळ. पोहता येत नसले तरी प्रशिक्षकाबरोबर उतरता येते, मात्र दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया, गर्भावस्था असल्यास नाही. साधी सर्दी असली तरी त्या दिवशी बेत रद्द करावा, कारण कान मोकळे होत नाहीत. दहा वर्षांखालील मुलांना खाली नेऊ नये. डुबकीनंतर किमान अठरा तास विमानात बसू नये. आपण विदर्भातले लोक पुष्कळदा मोटारीने येतो आणि आंबोली किंवा फोंडा घाट चढून परततो. उंचीवर जाणे हेही शरीराला विमानासारखेच, म्हणून एक रात्र किनाऱ्यावरच काढावी. पाण्यात उतरण्यापूर्वी अंगाला क्रीम फासू नये, त्याऐवजी पूर्ण बाह्यांचा पोशाख घालावा. ऑक्सिबेन्झोन असलेल्या उन्हाच्या क्रीमवर हवाईने पोवळ्यांच्या काळजीपोटी २०२१ पासून विक्रीबंदी घातली आहे. आणि पैसे देण्याआधी दोन प्रश्न विचारावेत: नाव कशाला बांधता, की नांगर खडकावर टाकता? आणि माशांना खाऊ घालता का? दुसऱ्या प्रश्नाला “हो, भरपूर!” असे उत्साही उत्तर आले तर पुढच्या माणसाकडे जावे. जेवणाची चिंता नको. मत्स्याहारासाठी नावाजलेल्या या गावात घावणे, काळ्या वाटाण्याची उसळ आणि सोलकढी आम्हांला कांदा-लसूण वगळून, सूर्यास्तापूर्वी, अगत्याने मिळाली. सकाळीच सांगून ठेवावे लागले इतकेच.

परतीच्या दिवशी डायव्हर स्थानकावर जाणाऱ्या रिक्षेपर्यंत पोहोचवायला आला. मी त्याला बिस्किटांचा पुडा देऊ केला. “तुम्हीच खावा, आजी,” म्हणून त्याने तो पुन्हा पिशवीत ठेवला, दुसऱ्यांदा.

दोन रात्रींचा प्रवास करून तो पुडा जसाच्या तसा वर्ध्याला आला. सकाळ झाली होती, न्यायला येणाऱ्या जावयांची गाडी रेल्वे फाटकावर अडकली होती आणि नातवाला भूक लागली होती. नवकारशीची वेळ झाल्याचे घड्याळात पाहून मी फलाटावरच्या बाकावर तो फोडला. समुद्राच्या दमट हवेने बिस्किटे मऊ पडली होती. आम्ही दोघांनी मिळून ती संपवली, आणि कागद त्याने पिशवीत परत ठेवला.